सेवा करणाऱ्याची सेवा

श्रीमद्भगवद्गीता ज्या रथावर सांगितली गेली, त्या रथाला शुभ्र घोडे जोडलेले होते, असे संजयाने पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. भगवंतांचे सारथ्य, अर्जुनाचे गांडीव आणि ध्वजावरील मारुतिराय यांचे चिंतन भाविक मनुष्य नित्य करतो; परंतु त्या घोड्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः रथ ओढला तो त्यांनीच.

द्रोणपर्वात या घोड्यांविषयी एक प्रसंग आला आहे. तो युद्धाचा चौदावा दिवस होता. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, न झाल्यास अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. एकेक घटका प्राणमोलाची होती. सूर्य कलला होता, जयद्रथ अजून दूर होता, आणि घोडे बाणांनी विद्ध होऊन तहानेने व्याकूळ झाले होते. अशा समयी घोडे सोडून त्यांस विश्रांती द्यावी असा विचार अर्जुनाने मांडला, आणि भगवंतांनी तो तत्काळ मान्य केला. भर रणांगणात रथ थांबला. अर्जुन खाली उतरला आणि चोहोंकडून धावून येणारे सैन्य त्याने जमिनीवर उभे राहून थोपवून धरले. बाणाने भूमी भेदून त्याने पाणी काढले, बाणांचेच घर उभारून आडोसा केला. त्या आडोशास जगन्नियंत्या प्रभूने स्वहस्ते घोड्यांच्या अंगांतील बाण उपटले, त्यांस खरारा केला, पाणी पाजले, चारा घातला. आणि ते ताजेतवाने झाल्यावर पुन्हा रथास जुंपले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, ओझे ओढणाऱ्याची विश्रांती म्हणजे कर्तव्याचा भंग नव्हे. ती कर्तव्याचेच अंग होय. ज्या दिवशी क्षणही दवडणे परवडणारे नव्हते, त्या दिवशीही भगवंतांनी ती अनावश्यक मानली नाही. दुसरी गोष्ट ही की, घोडे विसावा घेत होते तोवर कोणीतरी खाली उतरून त्यांच्या वाट्याची वेळ सांभाळीत होता. अर्जुन रथावर बसूनच घोड्यांस 'धीर धरा' असे सांगत राहिला असता, तर त्यांची तहान भागली नसती.

संसाराचा रथ ओढणाऱ्यांमध्ये आज एक वर्ग असा आहे की ज्याची तहान समाजास दिसत नाही. दुर्धर रोगाने, विशेषतः कर्करोगाने, ग्रस्त झालेल्या मनुष्याची घरी राहून शुश्रूषा करणारी पत्नी, पती, सून, मुलगा, बहीण यांचा तो वर्ग होय.

दृष्टांतासाठी जबलपूरच्या राइट टाउनमधील एक घर डोळ्यांपुढे आणावे. नर्मदेच्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांतीलच हे एक. पुढे लहानसे अंगण, अंगणात तुळस. यजमान गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी लागलेले तंबाखूचे व्यसन सुटले नाही आणि तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचार. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे रुग्णालयात न्यावयाचे. तोंड आतून सोलवटून निघालेले, घास गिळवत नाही. म्हणून नाकातील नळीवाटे ठरावीक तासांनी गाळलेले पातळ अन्न द्यावयाचे. पत्नीचे वय ५८. मुलगा पुण्यास नोकरीवर. तो पैसे पाठवितो, नित्य दूरध्वनी करतो, सुटी मिळताच येतो. परंतु रात्री दोन वाजता ठसका लागला असता पाठीवर हात फिरविण्यास तो तेथे नसतो. तेथे ती एकटीच असते.

सहा महिन्यांत त्या माउलीचे काय काय सुटले, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. प्रथम सकाळचे फिरणे सुटले. मग ग्वारीघाटावरील नर्मदेची आरती सुटली. मग गोलबाजारातील दत्तमंदिरात गुरुवारी भजनास जाणे सुटले. मग वेळेवर जेवण सुटले, आणि शेवटी स्वतःच्या मधुमेहाची गोळी घेण्याचेही भान सुटले. विचारले असता ती म्हणे, "त्यांचे होऊ दे आधी, माझे काय!"

हे उद्गार ऐकून पुष्कळांस धन्य वाटते. परंतु गीतेची दृष्टी निराळी आहे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणास साधतो ते सांगितले आहे: ज्याचा आहार, विहार, झोप आणि जागरण मोजके व यथायोग्य आहे, त्यालाच तो दुःखनाशक होतो. सतराव्या अध्यायात तर शरीरास निष्कारण कृश करणाऱ्यांना आणि त्यायोगे अंतरी वसणाऱ्या भगवंतासच क्लेश देणाऱ्यांना प्रभूंनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. त्या पत्नीचा निश्चय आसुरी नव्हता, हे सांगणे नलगे. तो प्रेमाचा होता. परंतु प्रेमाने केले म्हणून उपाशी शरीर धष्टपुष्ट होत नाही. आणि ती अंथरुणास खिळली तर त्या रुग्णाकडे कोण पाहणार?

आयुर्वेदानेही ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. शुश्रूषा करणाऱ्याच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. चौरंगाचा एक पाय मोडला तर उरलेल्या तिघांचा उपयोग होत नाही. आज पहिल्या दोन पादांवर समाज लाखो रुपये वेचतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे साहाय्य मिळते, ही मोठीच सोय होय. परंतु तिसरा पाद जी ती पत्नी, तिला चार तास सलग झोप कोणती योजना देणार? ती शेजाऱ्यानेच द्यावयाची आहे.

तर मग शेजारी काय करीत होते? ते निर्दय होते असे नाही. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरून जाई. येणारा फळे घेऊन येई, जी रुग्णास गिळता येत नसत. येणारा एखाद्या औषधाचा किंवा बुवाचा पत्ता देई आणि 'अमक्याचा रोग याने समूळ गेला' असे ठासून सांगे. त्या रात्री ती पत्नी, आपण हे केले नाही म्हणून तर त्यांचे दुखणे वाढले नसेल ना, या विचाराने तळमळे. प्रत्येकास रोगाची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे आणि प्रत्येकासाठी चहाचे आधण ठेवावे लागे. कोणी निघताना म्हणे, "वहिनी, तुम्ही खंबीर राहिले पाहिजे." काही जण तर त्या घरी पाणी पिण्यासही कचरत. वास्तविक कर्करोग हा स्पर्शाने, श्वासाने किंवा एका भांड्यात जेवल्याने लागत नाही. परंतु ही शंका तिच्या ध्यानात येई आणि काळजास घर पाडी. दुसऱ्या महिन्यात गर्दी ओसरली. चौथ्या महिन्यात दार वाजेनासे झाले.

ज्याने उद्वेग होत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर आहे, असे बोलणे हे वाणीचे तप होय, असे भगवान सांगतात. रुग्णाच्या घरी उंबरा ओलांडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले वाक्य या कसोटीवर घासून पाहावे. जे सत्य असल्याची खात्री नाही ते औषध सांगू नये. ज्याने उद्वेग होईल ती मृत्यूची कथा काढू नये. आणि बोलण्याजोगे काही न सुचल्यास मौन धरावे. मौन हेही मनाचे तप म्हणून त्याच अध्यायात गणले आहे.

एके रात्री यजमानांनी वेदनेच्या भरात नाकातील नळी उपटून टाकली. पत्नीचा तोल गेला. ती त्यांच्यावर ओरडली, "आता माझ्याने होत नाही!" यजमान भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पहाटे ती देवघरासमोर बसली, पण दिवा लावण्यास हात उचलेना. सकाळी शेजारच्या काकू दूध देण्यास आल्या तेव्हा ती एकाएकी म्हणाली:

"काकू, काल मनात आले, हे एकदाचे संपावे. पस्तीस वर्षांच्या संसारात असे कधी मनात आले नव्हते. मला नरकातही जागा मिळायची नाही."

काकूंनी तिला 'असे बोलू नये' म्हटले नाही, की धीराचे शब्द ऐकविले नाहीत. त्यांनी विचारले, "तू सलग झोपलीस त्याला किती दिवस झाले?"

"आठवत नाही."

"मग ते तुझे मन नाही बोलले, ग. तुझी न झालेली झोप बोलली. आज दुपारी मी बसते. नळीतून कसे द्यायचे, ते मला दाखव."

त्या दुपारी ती पत्नी साडेतीन तास झोपली. उठल्यावर तिने प्रथम नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले आणि तिचा हात तेथेच धरून ठेवला.

या ठिकाणी शास्त्राचा विचार स्पष्ट करणे अवश्य आहे. कारण अशी व्यथा हजारो घरांत मुक्याने भोगली जाते. थकलेल्या मनात उठलेला विचार म्हणजे संकल्प नव्हे, आणि शिणवटा म्हणजे द्वेष नव्हे. 'हे संपावे' असे जेव्हा सेविकेच्या मनात येते, तेव्हा तिला त्या मनुष्याचा अंत हवा असतो असे नाही. त्याच्या यातनांचा आणि आपल्या असहायतेचा अंत हवा असतो. स्वतः अर्जुनाचे गांडीव हातातून गळले, अंगास कंप सुटला, तोंड कोरडे पडले आणि 'माझ्याने होत नाही' असे म्हणून तो रथात बसला. भगवंतांनी त्यास रथाखाली उतरविले नाही; सारथ्य सोडून ते निघूनही गेले नाहीत. त्यांनी त्याचे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि मगच बोलण्यास आरंभ केला. अर्जुनाच्या विषादासही योग हे नाव मिळाले, तर त्या माउलीच्या विषादास पाप म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

काकूंनी ही गोष्ट भजनीमंडळात सांगितली. पत्नीचे गुह्य तेवढे मनात ठेवले. मंडळी कळवळली. यजमानांस आराम पडावा म्हणून त्यांच्याच घरी गीतेच्या अठरा अध्यायांचे पारायण करावे, असे ठरू लागले. साठ माणसे येतील, आरती होईल, प्रसाद होईल. तेव्हा मंडळातील एक वृद्ध गुरुजी म्हणाले, "पारायण खुशाल करावे, पण ते मंदिरात करावे. तिच्या घरी साठ माणसे गेली तर साठ पेले कोण विसळणार? घरी दोघेच जा. एकाने रुग्णापाशी बसावे, एकाने स्वयंपाकघरात. तिसऱ्या अध्यायातील यज्ञ तो हाच."

एकजण म्हणाला, "गुरुजी, पण पारायणाचे पुण्य?"

गुरुजी म्हणाले, "केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच खातो, असे भगवान त्याच अध्यायात म्हणतात. रोज वाचतोस ना? मग उद्या तुझ्या घरी भात-वरण दोन माणसांचे जास्त शिजू दे."

त्या दिवसापासून पाळ्या ठरल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी कोणीतरी तीन तास बसे. एक सेवानिवृत्त गृहस्थ औषधे आणीत व रुग्णालयातील कागदपत्रांच्या रांगेत उभे राहत. कर्करोगाच्या रुग्णास उपचारार्थ रेल्वेने जाताना भाड्यात सवलत मिळते आणि सोबतच्या एका माणसासही मिळते, ही माहिती त्यांनीच काढली. त्यामुळे तपासणीसाठी नागपूरला जाणे सुकर झाले. एका घरातून रात्रीचा डबा येई. गुरुवारी मात्र डबा येत नसे; त्या दिवशी तिला भजनास नेण्यासाठी माणूस येई आणि दुसरा घरी थांबे.

हा एका घराचा दृष्टांत झाला. परंतु असे कार्य संघटितपणे होऊ शकते, याची प्रत्यक्ष उदाहरणे देशात आहेत. खुद्द जबलपूर येथे साध्वी ज्ञानेश्वरी दीदींच्या प्रेरणेने 'विराट हॉस्पिस' उभे राहिले. उपचारांपलीकडे गेलेल्या कर्करोग्यांची तेथे विनामूल्य सेवा होते. आणि अशा घरातील माणसांच्या खांद्यावरचे ओझे त्यायोगे हलके होते. महाराष्ट्रात संत गाडगेबाबांनी ही गरज फार पूर्वी हेरली. स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या त्या महापुरुषाने यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत तर रुग्णालयाच्या दाराशी पदपथावर रात्र काढणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठीही निवारा असावा, हा त्यांचा ध्यास होता. बाबा १९५६ साली निजधामास गेले. परंतु परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी दूरदूरच्या गावांहून येणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती आजही दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा घेतात. हे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्या परिसरातच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही असाच आसरा देते.

केरळ राज्यात तर शेजारधर्मालाच व्यवस्थेचे रूप मिळाले. १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनाशमनाचे एक लहानसे केंद्र सुरू झाले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी अशा सामान्य माणसांनी थोडेसे शिक्षण घेऊन आठवड्यातून निदान दोन तास आपल्याच वस्तीतील रुग्णांच्या घरी द्यावयाचे, अशी पद्धती पडली. २००८ साली त्या राज्याने यासंबंधीचे धोरणच जाहीर केले. आठवड्याचे १६८ तास असतात, त्यांतील दोन. एवढेही ज्यास देता येत नाहीत असा गृहस्थ विरळा.

ज्या गृहस्थास हे व्रत घ्यावयाचे असेल, त्याने पुढील नियम ध्यानात ठेवावेत:

१. 'काही लागले तर सांगा' असे म्हणू नये. थकलेल्या मनुष्यास मागण्याचेही बळ नसते, आणि मागण्याची लाज असते. 'मंगळवारी तीन ते सहा मी बसतो' असे नेमके सांगावे, आणि मंगळवारी तीन वाजता जावे.

२. चहापाण्याची अपेक्षा धरू नये. शक्य तर आपणच चहा करून त्या माउलीस द्यावा, आणि कप विसळून ठेवूनच निघावे.

३. प्रथम रुग्णाची नव्हे, तर शुश्रूषा करणाऱ्याची प्रकृती विचारावी. तिने जेवण केले काय, स्वतःचे औषध घेतले काय, हे पाहावे.

४. औषधोपचाराचा सल्ला देऊ नये. तो वैद्याचा अधिकार आहे. मात्र वेदना असह्य होत असतील तर त्यांवर उपाय आहेत, हे वैद्यास निःसंकोच विचारण्यास सांगावे. मॉर्फिनसारख्या औषधाची परवानगी सुलभ व्हावी म्हणून २०१४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली आहे. वेदना सोसविणे हे तप नव्हे.

५. दूर राहणाऱ्या मुलामुलींनी दूरध्वनीवर सूचना देण्यापूर्वी, आपली आई काल किती तास झोपली, हे विचारावे. वर्षातून एकदा आठवडाभर येऊन स्वतः बसावे आणि तिला विश्रांतीस पाठवावे.

६. घरातील पुरुषांनी शुश्रूषा हे स्त्रियांचेच काम मानू नये. जगदीश्वराने घोड्यांस खरारा केला, तर पित्याचे अंथरूण बदलण्यात पुत्रास कसला कमीपणा?

७. जे पाहिले, ऐकले, ते बाहेर बोलू नये. दुःखी मनुष्याने विश्वासाने सांगितलेला शब्द म्हणजे ठेव होय.

८. हे सर्व उपकार म्हणून करू नये. योग्य स्थळी, योग्य काळी, परतफेडीची इच्छा न धरता, देणे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने दिलेले दान सात्त्विक. आणि अनादराने, हिणवून दिलेले ते तामस, असे गीतेने स्पष्ट सांगितले आहे. दोन तासांचे दानही या नियमास अपवाद नाही.

कोणी विचारील, इतके करूनही रोग हटला काय? राइट टाउनच्या त्या दृष्टांतातील यजमान पुढे पाच महिन्यांनी निवर्तले. गीतेचा आश्रय केल्याने मृत्यू टळतो, असे गीता कोठेही म्हणत नाही. परंतु शेवटच्या रात्री त्या खोलीत पत्नी होती, मुलगा होता, काकू होत्या. आणि ती पत्नी इतकी शिणलेली नव्हती की तिला त्यांच्याजवळ शांतपणे बसताही येऊ नये. त्यांचा हात तिच्या हातात होता. हे फळ लहान मानू नये.

तेराव्या दिवसानंतर बहुतेक घरांत आणखी एक संकट येते, त्याची कल्पना लोकांस नसते. जिचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या औषधपाण्याने बांधलेला होता, तिचे सगळे तास एकाएकी मोकळे होतात. रात्री दोन वाजता ती उठून बसते आणि उठण्याचे कारण उरलेले नसते. गुरुजींनी हे ओळखून मंडळास सांगितले होते, "पाळ्या बंद करू नका. आता बसावयाचे ते तिच्याजवळ." चार महिने कोणी ना कोणी जात राहिले. एका गुरुवारी भजन संपल्यावर ती स्वतःच काकूंस म्हणाली, "त्या नेपियर टाउनच्या घरी मंगळवारी कोण बसते? मला नळीचे सगळे येते." वहीत मंगळवारपुढे तिचे नाव लिहिले गेले.

महाराष्ट्राचे आराध्यदैवत विटेवर का उभे आहे, हे लहान मूलही जाणते. पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत गुंतला होता. दारी प्रत्यक्ष भगवंत आले. त्याने सेवा सोडली नाही. हाताशी असलेली वीट पुढे सारली आणि थांबण्यास सांगितले. भगवंतांनी मानपान मागितला नाही, आधी माझे स्वागत कर म्हणून रागावले नाहीत, 'खंबीर राहा' असेही म्हणाले नाहीत. जी वीट मिळाली तिच्यावर ते उभे राहिले, आणि आजही उभे आहेत. शुश्रूषा करणाऱ्याच्या दारी कसे जावे, याचा यापरता वस्तुपाठ कोणता? मिळेल त्या जागी उभे राहावे, सेवा करणाऱ्याच्या सवडीने थांबावे, आणि निघून जाऊ नये.

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गल्लीत आज असे एखादे दार आहे, ज्याच्या आत कोणी पुंडलिक एकटाच जागा आहे. सद्गृहस्थाने आज सायंकाळी दिवेलागणीनंतर त्या दाराशी जावे, आणि कोणत्या दिवशी किती वाजता येऊ, एवढेच सांगून यावे. अर्जुनाच्या घोड्यांस ज्याने आपल्या हाताने पाणी पाजले, तो भगवान सर्वांच्या हातून ही सेवा करवून घेवो.